मधल्या माणसाचा पगार कोण देणार?

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला घेतले. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे भरली. मग पावसाळा आला आणि काम चार महिने बंद पडले. ओल्या हवेत पापड वाळणार कसे? पुढच्या वर्षी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे, खाटेखाली स्टोव्ह पेटवायचा. पावसाळ्याचा प्रश्न मिटला.

लिज्जतची गोष्ट सांगणारे बहुतेक जण या खाटेपाशी रमतात. खाट-स्टोव्हची युक्ती आहेच तशी लोभस. पण संस्थेच्या दृष्टीने मोठी गोष्ट घडली ती त्यानंतर. तिसरे वर्ष संपेपर्यंत लाटणाऱ्या बायका तीनशेच्या वर गेल्या आणि गच्ची पुरेना. तेव्हा पीठ एका जागी मळायचे आणि लाटायला घरी न्यायचे, असे ठरले. वाचताना हा बदल किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्या दिवसापासून प्रश्नांचे स्वरूपच पालटले. कुणी किती पीठ नेले, किती पापड परत आले, त्यांची जाडी सारखी आहे का, घरची जागा स्वच्छ आहे का, वजनात तूट आली तर जबाबदार कोण, लाटण्याची मजुरी कुणी आणि कधी द्यायची? गच्चीवर हे सगळे नजरेने होत होते. तीनशे घरांत नजर पोचत नाही. तिथे वजनकाटा, वही आणि रोज सकाळी काट्यापाशी उभी राहणारी बाई लागते. लिज्जतने ती बाई घडवली. तिला संचालिका म्हणतात. लाटणाऱ्या बहिणींतूनच ती येते आणि शाखेचा कारभार पाहते. कच्चा माल केंद्रातून जातो, म्हणून चव शाखेगणिक बदलत नाही.

हे सगळे एका झटक्यात जमले, असेही नाही. १९६१मध्ये मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न फसला. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा गुजरातेत वालोडला निघाली ती १९६८ साली, म्हणजे सुरुवातीनंतर नऊ वर्षांनी. पुढे काड्यापेट्या, अगरबत्ती, चामड्याच्या वस्तू असे उद्योगही करून पाहिले. ते चालले नाहीत. पापड मात्र वाढत गेला आणि आज सुमारे ४५ हजार बायका या संस्थेच्या सभासद, म्हणजे मालकीण आहेत.

सामाजिक उद्योग वाढतो तेव्हा नेमके काय वाढते, हा प्रश्न इथे नीट विचारता येतो. पापडाची कृती वाढत नाही. ती पहिल्या दिवशी होती तीच राहते. संस्थापकांची तळमळ वाढत नाही, ती कितीही असली तरी दिवसाचे तास चोवीसच. वाढावी लागते ती मधली फळी: पर्यवेक्षक, प्रशिक्षक, हिशेबनीस, भांडारपाल, नोंदी तपासणारा. वर संस्थापक आणि खाली प्रत्यक्ष काम करणारी माणसे, यांच्यामधली ही माणसे जितकी तयार, तितकीच संस्था वाढू शकते. आणि नेमक्या याच माणसांसाठी पैसे द्यायला आपल्याकडे कुणी तयार नसते.

महाराष्ट्राला संस्थापकांचे वेड आहे. पुरस्कार संस्थापकाला, दिवाळी अंकातली मुलाखत संस्थापकाची, चरित्र संस्थापकाचे, सिनेमा निघाला तर तोही त्यांच्यावरच. ‘ध्येयवेडे’ हा आपला सगळ्यात लाडका गौरवशब्द. या माणसांची थोरवी खरी आहे, त्यात वाद नाही. पण पंचवीस वर्षे त्याच संस्थेत साठा-नोंदवही चोख ठेवणाऱ्या माणसाला व्यासपीठावर बोलावल्याचे कुणी पाहिले आहे? संस्थेतली दुसरी फळी तयार नाही, ही तक्रार प्रत्येक वर्धापनदिनाला ऐकू येते. ती तयार व्हायला पगार, अधिकार आणि चुका करायची मुभा लागते, हे मात्र भाषणात राहून जाते.

मधल्या फळीचे मोल केवळ अनुभवाने सांगावे लागते, असेही नाही. त्याचा जवळजवळ प्रयोगशाळेतल्यासारखा पुरावा उपलब्ध आहे, आणि त्याचे मूळ मुंबईच्या वस्त्यांत आहे.

माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत ‘प्रथम’ सुरू झाली. तिची बालसखी योजना साधी होती. पालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीत बसूनही ज्यांना वाचता येत नाही अशी पंधरा-वीस मुले वेगळी काढायची, आणि वस्तीतलीच शिकलेली मुलगी त्यांना रोज दोन तास शिकवणार. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या चमूने मुंबई आणि वडोदऱ्यात या योजनेची काटेकोर चाचणी घेतली. मुलांची प्रगती खरी निघाली. मुलाच्या इयत्तेकडे न पाहता त्याला आज जे येते तिथून शिकवायला सुरुवात करायची, एवढेच त्यामागचे सूत्र.

पद्धत सिद्ध झाली, आता ती सरकारी शाळांत नेली की झाले, असे कुणालाही वाटेल. तसे झाले नाही. बिहार आणि उत्तराखंडात सरकारी शिक्षकांना साहित्य दिले, प्रशिक्षण दिले. मुलांच्या वाचनात शाळेच्या वर्षभरात फरक दिसेना. बिहारमध्ये त्याच सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात तीच पद्धत वापरली, तेव्हा मात्र मुले शिकली. म्हणजे शिक्षक नालायक होते, हा सोपा निष्कर्ष बाद झाला. पद्धत चुकीची होती, हाही बाद. मग शाळा सुरू झाली की घडत काय होते? अभ्यासक्रम पुरा करण्याचा रेटा होता, वेळापत्रकात या कामाला जागा नव्हती, आणि वर्गात येऊन कुणी विचारत नव्हते.

२०१२-१३ साली हरियाणात हीच गोष्ट वेगळ्या रीतीने केली गेली. शाळेच्या वेळापत्रकातला एक तास या कामासाठी राखून ठेवला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुरुवात शिक्षकांपासून केलीच नाही. ती केली त्यांच्यावरच्या अधिकाऱ्यांपासून. गटपातळीवरचे हे समन्वयक म्हणजे आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांचे भाईबंद. त्यांना आधी प्रशिक्षण दिले आणि मग पंधरा-वीस दिवस खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर उभे केले. साहेबांनी स्वतः खडू हातात घेतला. न वाचता येणारे मूल दोन आठवड्यांत अक्षरांवरून शब्दांवर कसे येते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर त्यांनी शिक्षकांना शिकवले आणि वर्षभर त्यांच्या वर्गांना भेटी दिल्या. या वेळी मुलांच्या भाषेत सुधारणा झाली.

साहित्य तेच, सूत्र तेच, शिक्षकही सरकारीच. राखीव तास आणि मधला माणूस, एवढाच फरक. बिहारमध्येही वर अधिकारी होतेच. पण ज्याने स्वतः कधी हे करून पाहिले नाही, तो भेटीला आला तर हजेरीपट पाहून चहा पिऊन जातो. ज्याने केले आहे, तो मुलाला जवळ बोलावून वाचायला लावतो. क्षमता बांधणी हा शब्द आपल्याकडे तीन दिवसांची कार्यशाळा, नाव छापलेली फाइल आणि शेवटी गटफोटो एवढ्यावर आला आहे. हरियाणातले ते पंधरा-वीस दिवस हीच खरी क्षमता बांधणी होती, आणि ती फाइलवाल्या कार्यशाळेपेक्षा कितीतरी महाग पडते. संस्थांनी हे सांगितले की देणगीदार विचारतात, एवढे दिवस कशाला?

बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ला हाच प्रश्न १९८०मध्ये विचारता आला असता. फजले हसन आबेद यांनी १९७२मध्ये सुरू केलेल्या या संस्थेने हगवणीने मरणारी मुले वाचवण्यासाठी घरोघरी जायचे ठरवले. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी एवढाच उपचार. बाईने बाईला घरात बसून शिकवायचे. दहा वर्षांत ब्रॅकच्या कार्यकर्त्या एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत पोचल्या. आकडा दिपवणारा आहे, पण त्याच्या मागची व्यवस्था जास्त शिकण्यासारखी आहे.

कार्यकर्ती घर सोडून गेल्यावर काही आठवड्यांनी दुसराच माणूस त्या गावात जाई. शिकवलेल्या घरांतली काही घरे तो नमुन्यादाखल निवडी आणि आईला विचारी, काय काय आठवते? मग तिलाच पाणी बनवून दाखवायला सांगे. मीठ जास्त पडले तर ते मुलाला घातक, म्हणून पाण्याचे नमुने प्रयोगशाळेतही तपासले जात. आईला किती मुद्दे आठवतात, यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. कार्यकर्ती किती घरे फिरली, याला महत्त्व नव्हते. किती डोक्यांत गोष्ट उतरली, याला होते. सहज वाचून पुढे जावे असे हे वाक्य नाही. आपल्याकडच्या बहुतेक योजनांत अजूनही ‘किती लाभार्थ्यांना प्रशिक्षण दिले’ हाच रकाना असतो.

तरीही ब्रॅकला ठेच लागली. आयांना सगळे पाठ होते, आणि मूल आजारी पडल्यावर फारच थोड्या जणी ते पाणी पाजत होत्या. शोध घेतल्यावर कळले की शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्या उपचारावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःला हगवण लागली की त्या दुकानातून औषध आणत. घरातल्या पुरुषांशी तर कुणी बोललेच नव्हते, आणि निर्णय त्यांचा चाले. मग कार्यकर्त्यांना ढाक्याला नेऊन हे पाणी शरीरात कसे काम करते, ते समजावले गेले. गावात शिकवताना त्या आधी स्वतः पाणी पिऊन दाखवू लागल्या. पुरुषांच्या बैठका सुरू झाल्या. ही चूक सापडली कशी, तर शोधायला माणसे ठेवली होती म्हणून. तपासनीसांचा पगार ‘वरखर्च’ म्हणून कापला असता, तर ब्रॅकने एक कोटी घरांत न वापरले जाणारे ज्ञान वाटले असते, आणि अहवाल तितकाच चकचकीत निघाला असता.

आता आपल्याकडचा कायदा पाहू. २०१३च्या कंपनी कायद्यातले १३५वे कलम ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला सांगते. २०१४च्या नियमांत कंपनीच्या स्वतःच्या माणसांची आणि काम करणाऱ्या संस्थांची क्षमता वाढवण्यावरचा खर्च एकूण रकमेच्या पाच टक्क्यांवर रोखला होता. पुढे २०२१मध्ये नियम बदलले. पाच टक्क्यांची मर्यादा आता कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. पण अक्षर बदलले तरी वळण राहिले. कंपनीवर नियमाने घातलेला लगाम अर्ज घेऊन आलेल्या संस्थेच्या गळ्यात टाकायचा, आणि तिच्या हिशेबनिसाच्या पगारापुढे प्रश्नचिन्ह काढायचे, ही रीत रूढ झाली आहे. गंमत म्हणजे त्याच कंपनीत मनुष्यबळ विभाग, अंतर्गत लेखापरीक्षण आणि संगणक विभाग यांवर होणारा खर्च कुणी ‘वरखर्च’ म्हणून हिणवत नाही.

परदेशी देणग्यांचे चित्र याहून कठीण आहे. सप्टेंबर २०२०मध्ये परकीय योगदान कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. प्रशासकीय खर्चात काय धरतात, ते पाहिले की प्रश्नाची खोली कळते: व्यवस्थापनासाठी नेमलेल्या माणसांचे पगार, त्यांचा प्रवास, कार्यालयाचे भाडे, हिशेब ठेवण्याचा खर्च, अहवाल लिहिण्याचा खर्च. दवाखान्यातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्यात येत नाही. म्हणजे शिक्षक मंजूर. शिक्षकाने काय शिकवले हे पाहायला शाळाशाळांत फिरणारा माणूस मात्र संशयास्पद. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने परदेशातून आलेला निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यावरही बंदी आली. मोठ्या संस्थेने लहान संस्थेचा हात धरून तिला उभे करायचे, हा क्षमता बांधणीचा जुना मार्ग त्यामुळे या पैशापुरता बंद झाला. काही संस्थांनी प्रशासनाच्या नावाखाली चैन केली, हे खरे आहे. पण चोराला धरण्यासाठी सगळ्या वस्तीचे दिवे घालवणे हा कारभार नव्हे.

याचा परिणाम अगदी ठरलेल्या वाटेने होतो. संस्था पर्यवेक्षकाची जागा भरत नाही. एकच माणूस क्षेत्रभेट, अहवाल, बिले आणि देणगीदाराच्या पाहुण्यांची सरबराई करतो. दोन वर्षांत तो थकून जातो किंवा दीडपट पगारावर दुसरीकडे जातो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या डोक्यातले सगळे जाते, कारण लिहून ठेवायला वेळच नव्हता. मग संस्थापक पुन्हा स्वतः गाडीत बसतात. अमेरिकेत २००९मध्ये अ‍ॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी स्वयंसेवी संस्थांच्या या उपासमारीच्या चक्रावर लिहिले. देणगीदाराची अपेक्षा अवास्तव, म्हणून संस्था खर्च लपवते. खर्च लपवला, म्हणून अपेक्षा आणखी अवास्तव होते. आपल्याकडच्या संस्थाही या लबाडीत सामील आहेत, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ‘तुमचा रुपया पूर्ण लाभार्थ्यापर्यंत पोचतो’ असे पत्रकावर छापणाऱ्या संस्थेने स्वतःच्याच कार्यकर्त्यांच्या पायावर धोंडा मारलेला असतो.

मार्ग नाहीच, असे मात्र नाही. पुण्यात तो काही काळ सापडला होता. १९९३मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने यांचे त्यातले काम मोठे. कचऱ्याच्या पेट्यांतून भंगार वेचणाऱ्या बायकांची ही संघटना. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८मध्ये तिने पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार केला. वेचक बाई ढकलगाडी घेऊन दारोदार जाणार, ओला-सुका कचरा वेगळा घेणार, घरटी दरमहा शुल्क घेणार आणि भंगार विकून आलेला पैसा तिचाच. या करारातले लक्ष देण्याजोगे कलम पैशांचे आहे. वेचकांची कमाई नागरिकांकडून येणार होती. साधने आणि संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च महापालिका उचलणार होती.

हे शहाणपणाचे होते. कारण साडेतीन हजार वेचक आणि लाखो घरे यांच्यामध्ये कुणीतरी लागतेच. एखाद्या सोसायटीने शुल्क दिले नाही, एखादी ताई आजारी पडली आणि तिच्या वाटची साठ घरे तशीच राहिली, कुणी सॅनिटरी पॅड उघडेच कचऱ्यात टाकले, नगरसेवकाचा फोन आला. हे सगळे निस्तरायला प्रभागात समन्वयक हवा. तो खर्च तीस-चाळीस रुपये शुल्क घेणाऱ्या बाईच्या कमाईतून काढला असता तर तिच्या हाती काय उरले असते? ‘स्वच्छ’ला टिकवून धरले ते या मधल्या फळीने. दुर्दैव असे की करार संपला की दर वेळी मुदतवाढीचा खेळ सुरू होतो. २०१३मध्ये हेच झाले, २०२०नंतरही हेच. ज्या संस्थेला सहा महिन्यांनी आपण असू की नसू हे माहीत नाही, ती समन्वयकाला तीन वर्षांचे प्रशिक्षण कशाच्या जोरावर देणार? ठेकेदाराला मात्र यंत्रे घेण्यासाठी अनेक वर्षांचा ठेका लागतो, हे महापालिकांना बरोबर कळते.

मदुराईच्या अरविंद नेत्रालयाने या बाबतीत सगळ्यांच्या पुढची मजल मारली आहे. डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६मध्ये अकरा खाटांवर ते सुरू केले. तिथला शल्यविशारद वर्षाला दोन हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया करतो, कारण शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे जवळजवळ सगळे काम खेड्यातून आलेल्या, बारावीनंतर दोन वर्षे तिथेच घडवलेल्या मुली करतात. इथेही मधली फळीच. पण अरविंदने १९९२मध्ये आणखी एक संस्था काढली, जिचे काम दुसऱ्यांची रुग्णालये सुधारणे हे आहे. तीनशेहून अधिक नेत्ररुग्णालयांनी तिची मदत घेतली. रीत अशी की एकट्या डॉक्टरने मदुराईला यायचे नाही. डॉक्टर, व्यवस्थापक आणि परिचारिका अशी तुकडी यायची, एकत्र बसून आपल्या रुग्णालयाची पुढची आखणी करायची आणि सोबतच परत जायचे. एकटा डॉक्टर भारावून घरी गेला की तिथला व्यवस्थापक त्याला चार दिवसांत जमिनीवर आणतो, हे त्यांनी ओळखले होते.

गडचिरोलीची गोष्ट मात्र अर्धी आनंदाची आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांनी बाळाचे वजन केले, श्वास मोजले, जंतुसंसर्ग ओळखून उपचार केले. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ‘अंकुर’ प्रकल्पातून महाराष्ट्रात आणखी सात ठिकाणी ही पद्धत नेली गेली, आणि २०११मध्ये केंद्र सरकारने ती देशभरच्या ‘आशा’ आरोग्य स्वयंसेविकांच्या हाती दिली. एखाद्या संस्थेचे काम याहून मोठे होऊ शकत नाही. आशा बाळाच्या घरी ठरलेल्या भेटी देते आणि त्याचे तिला २५० रुपये मिळतात.

पण आरोग्यदूताच्या मागे ‘सर्च’मध्ये नियमित देखरेख होती, पर्यवेक्षक पंधरा-पंधरा दिवसांनी गावात येऊन नोंदी तपासत, चुकले तिथे शिकवत. देशभर गेली ती भेट, तो वजनकाटा, तो तक्ता. देखरेखीची घनता तेवढी गेली नाही. महाराष्ट्रात आशांच्या वर गटप्रवर्तक असतात, एकीच्या हाताखाली सुमारे वीस-पंचवीस आशा. गटप्रवर्तक बाई महिनाभर गावोगाव फिरते, आशांच्या नोंदवह्या पाहते, अहवाल भरते आणि तिचा मोबदला बराचसा दौऱ्यांवर मोजला जातो. दौरा म्हणजे एसटी, वडाप किंवा नवऱ्याची दुचाकी. ऑक्टोबर २०२३मध्ये आशा आणि गटप्रवर्तक राज्यभर संपावर गेल्या. गटप्रवर्तकांची मोठी मागणी आपल्याला निदान कंत्राटी कर्मचारी तरी माना, ही होती. ज्या पदावर योजनेचा दर्जा टिकतो, त्या पदाला सरकारदरबारी नीट नावही नसावे, यावर वेगळे भाष्य नको.

मधल्या फळीची इतकी वकिली केल्यावर तिचे धोकेही मांडायला हवेत. फळी फुगली की तिचे खाते होते. आंध्रातल्या ‘एसकेएस’ या सूक्ष्मकर्ज संस्थेची गोष्ट तर उलट्या बाजूने बोलकी आहे. १९९७मध्ये गरीब बायकांना लहान कर्जे देणारी सेवाभावी संस्था म्हणून ती निघाली, २००५मध्ये वित्तकंपनी झाली, आणि ऑगस्ट २०१०मध्ये तिने शेअर बाजारातून सुमारे १,६०० कोटी रुपये उभे केले. तोवर साठ लाखांहून अधिक ग्राहक झाले होते. व्यवस्था, संगणक, प्रशिक्षण यांत ती कुणाला हार जाणारी नव्हती. फक्त तिच्या मधल्या फळीला मोजायला दिले होते ते कर्जवाटप आणि वसुली. त्या वर्षी या क्षेत्रातल्या जबरदस्तीच्या वसुलीच्या आणि आत्महत्यांच्या बातम्यांनंतर ऑक्टोबरमध्ये आंध्र सरकारने अध्यादेश काढला आणि सगळा व्यवसाय कोसळला. ब्रॅकचा तपासनीस ‘आईला काय आठवते’ हे मोजत होता. एसकेएसचा माणूस हप्ते मोजत होता. फळी हवीच, पण तिच्या हातात कोणता तक्ता देता, यावर संस्थेचे चारित्र्य ठरते.

आणि प्रत्येक संस्था वाढलीच पाहिजे, हाही हट्टच. एका तालुक्यात तीस वर्षे चांगले काम करणाऱ्या संस्थेला ‘तुमचे मॉडेल दहा जिल्ह्यांत कधी नेणार?’ असे विचारणारा पाहुणा बहुधा तिथे दोन तास थांबलेला असतो. तिने न वाढता, दुसऱ्यांना शिकवणारे केंद्र व्हावे, हे पुष्कळदा जास्त उपयोगाचे ठरते. पण शिकवण्यासाठीसुद्धा माणूस मोकळा करावा लागतो, आणि तो मोकळा झाला की त्याचा पगार पुन्हा प्रशासकीय खर्चात जातो.

म्हणून संस्थांनी पहिली गोष्ट खरा खर्च छापावा, लाजू नये. सरकारने संस्थेशी करार करताना ठेकेदाराला देतो तेवढी तरी मुदत द्यावी, आणि पर्यवेक्षणाचा खर्च करारातच धरावा, जसा पुण्याने एकदा धरला होता. परकीय योगदान कायद्यातल्या प्रशासकीय खर्चाच्या व्याख्येतून कामाची तपासणी आणि कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण स्पष्टपणे बाहेर काढावे. आणि हे वाचणाऱ्यांपैकी जे कुठल्या कंपनीच्या सामाजिक निधीच्या समितीवर किंवा एखाद्या विश्वस्त मंडळावर असतील, त्यांच्यापुढे येत्या मार्चपर्यंत एखादा तरी प्रस्ताव येईलच. त्यातल्या पर्यवेक्षक, हिशेबनीस आणि प्रशिक्षक यांच्या पगाराच्या ओळीवर पेन जाईल, तेव्हा ती ओळ खोडण्याआधी संस्थेला एवढे जरूर विचारा, की ही माणसे नसतील तर त्यांचे काम कोण करणार आहे.